तोंड बंद ठेवण्याचा करार

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज एका कागदावर सही केली. त्या कागदात असं लिहिलंय की या कागदाबद्दल कुणालाही काही सांगायचं नाही. म्हणजे पायललाही नाही. लग्नाला चार वर्षं झाली, बायकोपासून लपवलेली ही माझी पहिलीच गोष्ट. लोणच्याची बरणी कोणी फोडली ते धरलं तर दुसरी. पोटात काही राहत नाही, म्हणून ही डायरी काढली.

इथेही नावं लिहिणार नाही. गावाला 'घ' म्हणेन, डॉक्टरांना 'र' आणि दवाखान्याला 'द'. तर आज सकाळी बसने 'घ'ला गेलो. 'र'च्या 'द'मध्ये बाजारामुळे गर्दी होती. डॉ. रामटेके मला म्हणाले, घाटंजीत अशी गर्दी दर आठवड्याला असते.

आत्ता लक्षात आलं. खोडत नाही, खोडलेलं जास्त दिसतं. आता नावं लिहूनच टाकतो आणि डायरी चादरीच्या पेटीत ठेवतो.

मी दातांचा डॉक्टर. सहा वर्षं यवतमाळात दुसऱ्याच्या पाटीखाली पगारावर लोकांचे दात काढतोय. पेशंट बरा झाला की आभार पाटीचे मानतो, दुखलं की शिव्या मला. डॉ. डोमाजी रामटेके घाटंजीत चाळीस वर्षं प्रॅक्टिस करताहेत. आता त्यांना दवाखाना विकून मुलीकडे पुण्याला जायचंय. दवाखाना खाली, घर वर, खुर्ची जुनी पण मजबूत, आणि पेशंट ठरलेले. असं पुन्हा मिळणार नाही.

पण बातमी फुटली तर सगळं मुसळ केरात. रामटेके सरांनी समजावलं, "डाक्तर चालला हे कळलं ना, तं अर्ध्या दाताची ट्रीटमेंट सोडून लोकं उद्याच यवतमाळची बस पकडतीन. अन् बेबीताई दुसरीकडं काम पाहीन." बेबीताई म्हणजे त्यांच्या दवाखान्यातल्या मदतनीस, पंधरा-वीस वर्षांपासूनच्या. शिवाय पुसदचा एक डॉक्टरही हा दवाखाना घ्यायला बसलाय. त्यानेही असाच करार केलाय. ज्याचं तोंड बंद राहील त्याला दवाखाना, असं सर स्पष्टच म्हणाले.

करार सहा कलमांचा आहे. मी कलम तीनपर्यंत वाचला. "कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे कळवणार नाही." हे वाचून घाबरलो आणि पुढचं पान न वाचताच उलटून थेट सही केली. पुढे काय, तारीख-वार असणार.

सही झाल्यावर सरांनी कागद पाकिटात घालून बेबीताईंना झेरॉक्सला पाठवलं. मी दचकलो. सर म्हणाले, "पाकीट बंद हाय नं." बेबीताईंना यायला बराच वेळ लागला. म्हणाल्या, झेरॉक्सवाल्याकडं गर्दी होती.

बुधवार, ५ नोव्हेंबर

'अप्रत्यक्षपणे' या शब्दाने झोप उडवलीय. सकाळी पायल पेपर वाचताना म्हणाली, "घाटंजीले कापसाची आवक वाढली म्हने." मी हसलो नाही, मान हलवली नाही, चहासुद्धा थांबून प्यायलो. ती म्हणाली, "कापसाचं नाव काढलं तं तुमचा चेहरा काहून असा झाला?"

रविवारी दंतशिबिर असतं असं तिला सांगितलंय. कुठे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, फिरतं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सरांनी युक्ती काढली. दवाखाना नीट बघायचा तर मी पेशंट म्हणून यायचं, कुणाला संशय येणार नाही. माझ्या नावाचं कार्ड निघालं. माझ्या दातांना काही झालेलं नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी सरांनी दात साफ करून दिले. खुर्चीत आडवं पडून मी छताचा गळका कोपरा, दिव्याची फिटिंग आणि कॉम्प्रेसरचा आवाज असं सगळं तपासून घेतलं. सरांचा हात अजून हलका आहे.

बाहेर बसलो असताना बेबीताई शेजारी येऊन टेकल्या. "भाऊ, उंची किती असन तुमची?"

उंची कलम तीनमध्ये येत नाही. सांगितली, पाच सात.

"शर्ट कितीचा लागते?"

"चाळीस."

"सकाऊन लवकर उठता का? सोबतच्या मान्सावर चिडता गिडता का?"

मी म्हणालो, मी कुणावर चिडत नाही. त्या "बेस हाय" म्हणाल्या आणि गेल्या. ही बाई चौकस आहे, सांभाळून राहायला पाहिजे. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिले काहीच मालूम नाई, बिनघोर राहा."

दुपारी सरांनी वर जेवायला बोलावलं. जिना बाहेरून आहे आणि समोरच भाजीवाल्यांच्या ओळी, त्यामुळे चढताना सगळा बाजार बघत होता. सरांची मुलगी साधना पुण्याहून सुट्टी घेऊन सामान आवरायला आलीय. तिने आधी पोहे आणले. मी खाता खाता खिडक्या मोजल्या, नळाला पाणी कधी येतं विचारलं, मागची खोली बघून घेतली. घर रिकामं मिळणार की नाही हे कळायला हवं होतं, पण उघड विचारणार कसं? गॅलरीत उभं राहून साधनाला हळूच विचारलं, "तुम्ही पुढे इथेच राहणार, की पुण्यालाच?"

"पुण्यालेच," ती म्हणाली.

"मग मला काहीच अडचण नाही," मी म्हणालो.

खाली कांदेवाली मान वर करून ऐकत होती, पण एवढ्यावरून तिला काय कळणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज जुनी कार्डं पाहिली. करारात असं आहे की पेशंटची नावं खरेदीदारालाही दाखवायची नाहीत, फक्त काय काम झालं ते दाखवायचं. सरांनी प्रत्येक नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती. साधनाने आठवडाभर बसून ते काम केलं म्हणे.

एका कार्डापाशी थांबलो. "स्त्री, वय ६१. वरची पूर्ण कवळी, जुनी झिजल्याने नवी. पेशंटच्या आग्रहावरून कवळीतल्या एका सुळ्याला सोन्याचं टोपण." खाली शेरा, "सगळं खरं वाटलं पाहिजे असा हट्ट."

डाव्या सुळ्याला सोन्याचं टोपण असलेली घाटंजीतली एकच बाई मी ओळखतो. पायलची सत्यशीला मावशी. प्रत्येक लग्नात ही मावशी पायलला सगळ्यांसमोर ऐकवते, "माहा एकही दात पडला नाई. रोज दोनदा घासते मी. तुले तं डाक्तर नवरा असून दाढ भरा लागली." त्यावर पायलचा चेहरा पडतो आणि मी पत्रावळीत बघतो. आणि त्या मावशीच्या वरच्या जबड्यात स्वतःचा एक दात नाही.

मला इतकं हसू आलं की खोकलो. सर चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. मी कार्ड खाली ठेवून पुढचं उचललं.

परतताना बाजारात दोन बायका कुजबुजत होत्या.

"हेच का ते?"

"हाव. रंग सावळा हाय, पन दात चांगले हायेत."

मी डेंटिस्ट आहे एवढं कळलेलं दिसतंय. घरी येताना दोनदा मागे वळून बघितलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पायलने शिबिराचे फोटो मागितले. मी म्हणालो, पेशंटचे फोटो काढत नाहीत, गोपनीयता असते. निदान एक वाक्य तरी खरं बोललो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, खोटं बोलणारी पोरं रोज बघते. तिने माझ्या शर्टाचा वास घेतला. लवंगेच्या तेलाचा येत होता. त्याने तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही.

तिला सांगून टाकावं असं फार वाटतं. स्वतःची पाटी लागणार आणि ते सगळ्यात आधी जिला सांगायचं तिच्यापुढेच मी गप्प. हा करार ज्याने काढला असेल, त्याला बायको नसावी.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज सरांनी दातांना पॉलिश केलं. वर पोहे, या वेळी सोबत शेवही. साधना फोनवर कुणाला तरी "हो हो, आज पन आले हायेत" असं म्हणून खूप हसली.

चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने माझे पैसे देऊ दिले नाहीत. "पाहुण्याकडून घेत नसतात," म्हणाला. घाटंजीची माणसं प्रेमळ आहेत. इथे प्रॅक्टिस चांगली चालेल.

निघताना बेबीताईंना चौकशीच्या सुरात विचारलं, गावात काही बातमी? त्या म्हणाल्या, "लोकं बोलून राह्यले काईबाई. बोलू द्या. लोकायचं मन एकीकडं गुतलं म्हंजे दुसरीकडं जात नाई." याचा अर्थ काय ते कळलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पायल दोन दिवस बोलत नाही. सत्यशीला मावशीचा फोन येऊन गेला एवढं कळलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, "रविवारी शिबिर हाय नं? जा." डबा मात्र दिला. डब्यात नुसती पोळी.

रविवार, ३० नोव्हेंबर

सगळं सविस्तर लिहितो, कारण उद्या खरं वाटणार नाही.

सकाळी दवाखाना गच्च भरलेला. साफ करून आणि पॉलिश करून झालं होतं, म्हणून आज सरांनी दातांचं माप घ्यायचं ठरवलं. गुलाबी लगदा भरलेला लोखंडी साचा माझ्या तोंडात बसवला आणि म्हणाले, दोन मिनिटं हलायचं नाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. दारात पायल, तिच्यामागे सत्यशीला मावशी.

"हे शिबिर का, जावईबापू?" मावशी म्हणाली.

पायल हळू आवाजात म्हणाली, "साधना कोन हाय?"

मी म्हणालो, "अं अं."

बेबीताई मध्ये आल्या. "बाई, दोन मिन्टं थांबा. हालले तं माप बिघडते."

बाहेरच्या बाकावर बळीराम नावाचे एक म्हातारे गाल सुजवून बसले होते, ते उठून दारात आले. "ह्याचं लगन झालेलं हाय? अन् डाक्तरच्या पोरीले पाह्याले येते?"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. पोहे, जिना, कांदेवाली, चहाचे पैसे. अख्खं घाटंजी महिनाभर मला साधनाचं स्थळ समजत होतं. आणि मी गॅलरीत उभं राहून म्हणालो होतो, मला काहीच अडचण नाही.

उजेड पडला, पण तोंडात लगदा.

मावशी चढ्या आवाजात सगळ्यांना सांगू लागली. "माह्या बहिनीच्या पोरीचा नवरा हाय हा. चार वर्सं झाले लग्नाले. मले कांदेवालीनं सांगतलं, डाक्तरच्या पोरीच्या हातचे पोहे खाऊन गेला म्हने."  पायल माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते. तिला असं मी लग्नात निघतानाही पाहिलं नव्हतं.

सरांनी साचा काढला. मी थुंकलो. समोर दहा-बारा पेशंट, पडद्याला कान लावून. बोललो तर दवाखाना पुसदवाल्याचा. नाही बोललो तर पायल गेली. हे लिहायला वेळ लागतोय, ठरवायला अजिबात लागला नाही.

"पायल, मी हा दवाखाना विकत घेतोय. म्हणून येतो. दुसरं काही नाही."

 बळीराम सुजलेला गाल धरून हसू लागले. "दवाखाना घ्याले कोनी तीन तीन रविवार पोहे खाते का?"

सगळे हसले. एक बाई म्हणाली, "बहाना तरी बरा काढाचा." सगळ्यात मोठ्याने बेबीताई हसल्या, "हाव वं माय, दवाखाना घेते म्हने, अन् सर का हिमालयात चालले का?" आयुष्यात एवढं खरं मी कधी बोललो नव्हतो आणि एकाही माणसाने ते मानलं नाही.

मावशीला जोर चढला. ती अगदी तोंडाजवळ येऊन म्हणाली, "खोटं बोलनाराचं तोंड सडते. माह्या तोंडात पाय, सगळे खरे हायेत. खरं बोलते म्हनून टिकले." आणि 'टिकले' म्हणताना तिची वरची कवळी सुटून खाली आली. तिने चटकन पदर तोंडाला लावला. गडबडीत दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

एक वाक्य पुरलं असतं. सगळा दवाखाना मला सोडून तिच्याकडे वळला असता, आणि पायलने चार वर्षं खाल्लेली बोलणी एका झटक्यात फिटली असती. तोंडापर्यंत आलं होतं. पण पदराआड तिचे डोळे बघितले आणि ते गिळलं. मी ग्लासात पाणी दिलं आणि म्हणालो, "मावशी, तुम्हाला घाम आला. बेबीताई, यांना मागच्या खोलीत पंख्याखाली बसवा, दार लावून घ्या." मावशी पदर न काढता मुकाट्याने गेली.

सरांनी बाकीच्यांना थांबायला सांगून आम्हा दोघांना वर नेलं. साधनाने पायलला बघितलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "ताई, ह्यांनी माह्याकडं एकदाही नीट पाह्यलं नाई. खिडक्या पाहून राह्यले होते." सांगू नये पण थोडं वाईटही वाटलं, एवढा अरसिक दिसलो असेन असं वाटलं नव्हतं.

सरांनी करार पायलपुढे ठेवला. ती पोरांना सांगते की आधी अख्खी प्रश्नपत्रिका वाचा, मग लिहायला घ्या. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग मला विचारलं, "कलम चार वाचलं का?"

"तीनला घाबरलो," मी म्हणालो.

तिने मोठ्याने वाचलं. "कलम तीनमधील बंधन खरेदीदाराचे वकील, हिशेबनीस व पती अथवा पत्नी यांस लागू नाही, मात्र त्यांनीही गुप्तता पाळावी."

चार आठवडे. कोरडी पोळी, लवंगेच्या तेलाचा शर्ट, चादरीची पेटी. आणि पुढच्याच पानावर पायल होती.

"आन कलम पाच पाह्यलं? विकनाऱ्यानं पन तुमच्या पगाराच्या नोकरीच्या जागी सांगाचं नाई. तुमच्यासाठी पन हाय हा कागद, नुसता तुमच्यावर नाई," ती म्हणाली. मग कागद खाली ठेवला. "अन् समजा चारमध्ये मी नसती. तरी तुम्ही मले सांगाले पाह्यजे होतं. मले खोटं सांगतलं याचं दुःख नाई एवढं. एकटेच खुश होऊन राह्यले होते, त्याचं हाय."

 मी तिचा हात धरला, सरांसमोरच.

मग सरांना म्हणालो, "सर, करार तर मोडला. मी सगळ्यांसमोर बोललो."

सर चष्मा पुसत म्हणाले, "बोलला. मानलं कोनं? ज्या गुपितावर कोनी भरोसाच ठेवत नाई, ते फुटलं कसं म्हनाव? अन् तसंबी दवाखान्याचं गुपित दोन महिन्याचं. दुसरं गुपित जन्मभराचं." त्यांनी खाली, दवाखान्याच्या मागच्या खोलीच्या दिशेने बोट केलं. "कार्ड पाह्यलं तवा तू खोकलला. मी समजलो, वळखीची हाय. आज तिनं तुह्या इज्जतीचा भाजीपाला केला, अन् तू पंखा लावून देला. पुसदवाल्यानं तेच कार्ड पाह्यलं आन खाली चहा पेता पेता सोन्याच्या दातावर जोक मारला. त्याले मी कालच नाई म्हनलं."

पायलने विचारलं, "कोनतं कार्ड?"

सर पुन्हा चष्मा पुसू लागले, मी खिडक्या मोजू लागलो.

रविवार, ४ जानेवारी २०२६

आज दवाखाना माझा झाला. सर जाण्याआधी एकेका पेशंटला स्वतः सांगत होते, "माह्याच हातचा मानूस हाय." बळीराम म्हणाले, "म्हंजे तवा खरंच बोलला का बापा तू?" गावाची थोडी निराशाच झाली. लग्न असतं तर जेवण मिळालं असतं.

बेबीताईंना अखेर आज सांगितलं. मनात धाकधूक होती, त्या काम सोडतील की काय. त्या "अवं माय, मले तं कल्पनाच नाई" म्हणाल्या आणि कपाटातून एक पांढरा कोट काढून माझ्या हातात दिला. चाळीस नंबरचा, खिशावर माझं नाव भरलेलं. इतक्या लवकर शिवून, भरतकाम करून देणारा शिंपी गावात असणं ही सोयच म्हणायची. त्यांना आदल्या दिवसापर्यंत काहीच कळलं नाही, एवढं गुपित मी सांभाळलं, याचा मला अभिमान वाटतो.

दुपारी सगळे गेल्यावर सत्यशीला मावशी आली. पदर तोंडावर. दार लावून घेतलं, मी कवळी घट्ट बसवून दिली. जाताना म्हणाली, "तवा तुमी काही बोलले नाई जावईबापू." मग दारातून वळून म्हणाली, "पायलले सांगू नका."

संध्याकाळी जेवताना पायलने विचारलं, "मावशी कायले आलती?"

"दात दाखवायला."

"का झालं दाताले?"

"ते नाही सांगता येणार."

वाटलं, आता पुन्हा नुसती पोळी. पण तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटात आणखी भात वाढला, वर तूपही घातलं. मग म्हणाली, "कवळी ढिल्ली झाली असन. मी लहान होती तवापासून वाटीत भिजत ठेवते ते, मले मालूम हाय."

मी हसलो नाही, मान हलवली नाही. अप्रत्यक्षपणेसुद्धा काही नाही. भाताकडे बघत जेवत राहिलो.